आवाजातली खरखर

आफरीनच्या कानात ते यंत्र बसलं त्या दिवसापासून मी गोड बोलायला लागलो, असं ती सगळ्यांना सांगायची. मी काही बदललो नव्हतो. माझा आवाज होता तसाच होता, सुक्या लाकडावर कानस फिरवल्यासारखा. बदलला होता तो तिच्यापर्यंत पोचणारा आवाज.

मिरजेत आमचा तंबोरे बनवायचा कारखाना आहे. कारखाना आपला म्हणायचा; दोन खोल्या, मागच्या अंगाला भोपळे वाळत टाकायचं पत्र्याचं छप्पर आणि चार माणसं. आता स्वस्तातले तंबोरे यंत्रातून छापून निघतात आणि बऱ्याच मैफलींत तर नुसती एक विजेची डबीच वाजत असते. तरी काही गाणाऱ्यांना हाताचा तंबोरा लागतो. ते आमच्याकडे येतात. माझा थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची ही एकुलती मुलगी सहा वर्षांची होती. ती आमच्याच घरी वाढली. मी तिचा चाचा, दस्तगीर.

तंबोऱ्यात सगळ्यात अवघड काम जवारीचं. तार जिच्यावर टेकते त्या लाकडाच्या पट्टीला आम्ही घोडी म्हणतो. घोडीचा माथा कानशीनं असा उतरता करायचा की तार तिला धड चिकटू नये आणि धड सुटूही नये, घासत घासत निघावी. तशी निघाली की एका तारेतून दहा स्वर उठतात, पोळ्यात माश्या गुणगुणाव्यात तसे. कानस जरा जास्त चालली तर आवाज करकरतो. कमी चालली तर तार मुकी राहते. याला मोजपट्टी नाही. कान हीच मोजपट्टी.

म्हणून आमच्याकडे रीत आहे. दोन माणसांनी ऐकल्याशिवाय तंबोरा दाराबाहेर जात नाही. एक, जवारी काढणारा. दुसरा पाठमोरा बसून ऐकणारा, म्हणजे त्याला कुणाचं तोंड दिसू नये. दुसऱ्यानं मान हलवली की तंबोरा पास. त्यानं ‘पुन्हा’ म्हटलं की सगळं पहिल्यापासून. कारण विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. सांगितलं तर शिकणाऱ्याचा कान आळशी होतो, असं माझे उस्ताद म्हणायचे. ‘पुन्हा’ म्हणायचं आणि उठून जायचं.

आफरीन सतरा वर्षांची असताना तिनं पहिली घोडी घासली. मी पाठमोरा बसून ऐकलं, ‘पुन्हा’ म्हणालो आणि चहाला उठलो. परत आलो तर ती जागेवर नव्हती. चौथ्या दिवशी जयसिंगपूरला तिच्या खालाच्या घरी सापडली. घरात नव्हे, मागच्या शेळ्यांच्या गोठ्यात. पोट दोन्ही हातांनी आवळून बसली होती, कुणी लाथ घातल्यासारखी.

असं पुढच्या दोन वर्षांत तीनदा झालं. दर वेळी ती परत यायची, शरमून कामाला लागायची, आणि काम तर असं करायची की माझ्या तरुणपणी मला जमलं नसतं. कान देवाघरचा होता. पण एका शब्दानं कोसळायची. लोक म्हणाले, नखरे आहेत. मीही तेच म्हणालो. माझी बायको जैबुन म्हणाली, “नखरे करणारं माणूस लोकांना दाखवून करतं. ही लपते. हिला डॉक्टरकडे न्या.”

सांगलीच्या डॉ. सन्मती हेरवाडे बाईंनी तिला तीन-चार वेळा बोलावलं, तासतासभर बोलतं केलं, मग आम्हा दोघांना आत घेतलं.

“हिचा मेंदू आळशीही नाही आणि हट्टीही नाही,” त्या म्हणाल्या. “तो वेगळ्या घडणीचा आहे. एडीएचडी म्हणतात याला. लक्ष एकदम दहा दारांतून बाहेर पडतं, आणि आवडीच्या कामात बसलं की जेवणाचीही आठवण राहत नाही.”

“अगदी तस्संच,” जैबुन म्हणाली. “दूध तर किती वेळा उतू घालवलंय, विचारा.”

“अशा बऱ्याच जणांना नकार फार लागतो. तसा तो सगळ्यांनाच लागतो. पण हिला लागतो तो भाजल्यासारखा. अंग दुखतं तेव्हा मेंदूतल्या ज्या जागा जाग्या होतात, त्यातल्या काही नकारानंही जाग्या होतात. हिच्याकडे ती कळ एका क्षणात टोकाला जाते. ती नाटक करत नाही, दस्तगीरभाई. तिला खरंच दुखतं.”

मी म्हणालो, “आम्हाला तर उस्तादांनी शिव्या घालून शिकवलं. आम्ही नाही पळालो.”

“जे पळाले ते आज इथं सांगायला आलेले नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

मग मी त्यांना खरा हिशेब सांगितला. उस्तादांकडे आम्ही सातजण शिकायला होतो. शेवटपर्यंत राहिलो दोघे. त्या पाचांमध्ये माझ्यापेक्षा चांगला कान असलेला एक होता. तो पुढं कुठं गेला, हे मी कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

मग त्यांनी यंत्राचं सांगितलं. मसुराच्या डाळीएवढे दोन दाणे, कानात बसणारे. सोबत मनगटाला एक पट्टा. “माणूस रागावलं की त्याच्या आवाजात खरखर येते,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आवाज एका सेकंदात पन्नास-साठ ते दीडशे वेळा थरथरतो. आपल्याला तो थरथर म्हणून कळत नाही, नुसता टोचतो. बाळ किंचाळतं त्यात हीच खरखर असते, म्हणून आपण दचकून उठतो. हे यंत्र शब्दांना हात लावत नाही. फक्त खरखर काढून टाकतं आणि वाक्याचा शेवट आपटत असेल तर तो मऊ करतं. पट्टा नाडी बघतो, हाताला आलेला घाम बघतो. कुठल्या आवाजानं हिची नाडी उसळते ते यंत्र शिकत जातं, आणि पुढच्या वेळी तो आवाज आधीच मऊ करतं.”

“म्हणजे माझं बोलणं तिला साखरेत घोळवून मिळणार.”

“सगळ्यात आधी तुमचंच,” त्या हसून म्हणाल्या.

कारखान्यात पॉलिश करणारा सिद्राम माझ्याच वयाचा. त्यानं यंत्राचं नाव गूळ ठेवलं. “आज गूळ घातलाईस न्हवं पोरी? मग दोन शब्द मोकळे बोलू द्या की आम्हाला!” असं म्हणून तो तिला मुद्दाम काहीबाही बोलायचा. ती हसायची. घरीही मजा. एकदा माझ्या शेजारी येऊन कुजबुजली, “चाचा, चाची आज काय गोड बोलली! म्हणाली, ‘आणखी एक भांडं करपवलंस तर घराबाहेर काढीन.’”

हसण्यावारी नेलं तरी ती दोन वर्षं चांगली गेली, हे खरं आहे. मी ‘पुन्हा’ म्हणायचो, ती मान हलवून कानस उचलायची. पळाली नाही. शिकली. एका वर्षात जवारीचं सगळं काम मी तिच्या हाती दिलं. लोक म्हणाले, दस्तगीरनं पोरीवर विश्वास टाकला.

विश्वास होताच. पण दुसरं एक कारण होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या चिमण्या गेल्या असं मला बरेच दिवस वाटत होतं. एके दिवशी जैबुन त्यांना दाणे टाकताना दिसली. दहा-बारा चिमण्या तिच्या पायाशी चोची उघडून ओरडत होत्या आणि माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. तेव्हा कळलं, गेलं होतं ते माझं ऐकणं. बारीक, वरचे आवाज सगळे संपले होते. आणि जवारीचा जीव असतो तो त्या वरच्या आवाजांतच.

तरी मी पाठमोरा बसत राहिलो. तंबोरा लागला की मान हलवत राहिलो. ‘पुन्हा’ म्हणणं मी सोडून दिलं, कारण कशाला म्हणायचं ते मला कळतच नव्हतं. आफरीनला वाटलं, आपलं काम आता पक्कं झालं.

हळदीपूरबाई आल्या त्या मंगळवारी दुपारी, स्वतः, दोन्ही तंबोरे गाडीत आडवे घालून. धारवाडच्या मोठ्या गायिका. साठीच्या असतील. वाद्यावर आणि माणसांवर सारख्याच चिडणाऱ्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जोडी मागवून घेतली होती. खोलीत शिरल्या, बसल्या, चार तारा छेडल्या आणि आफरीनकडे बघून म्हणाल्या, “हा तंबोरा आहे की पिठाची गिरणी?”

शब्द होते तसेच तिच्यापर्यंत पोचले. पण आवाजातला सगळा जाळ यंत्रानं काढून घेतला होता. आफरीनला ती लाडात केलेली थट्टा वाटली. ती खुदकन हसली आणि म्हणाली, “गिरणीच आहे की बाई. येताना जोंधळा आणायचात!”

सिद्रामच्या हातातला बोळा खाली पडला. बाई उठल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. “दस्तगीरभाई, पस्तीस वर्षं तुमच्याकडून तंबोरे घेतले. तोंडावर हसणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं.” जोडी तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

“आवडली ना त्यांना?” आफरीननं विचारलं. “मग जोडी का ठेवून गेल्या? खुंट्या घट्ट करायच्यात का?”

मी म्हणालो, “हो. बघतो मी.” खोटं बोललो.

ती जेवायला गेल्यावर मी तंबोरा मांडीवर घेतला. कितीदा वाजवला. मला तो चांगला वाटला. सिद्रामला विचारलं. तो म्हणाला, “मला काय त्यातलं कळतंय वो. पण मागं आपले तंबोरे असं दाताला लागत न्हवते.”

दुसऱ्या दिवशी एक तंबोरा आणि आफरीनच्या यंत्राची पेटी घेऊन मी सांगलीला गेलो. पेटीत यंत्राची मागची सगळी नोंद राहते. ती मी तिला न विचारता नेली, तेही चुकलंच. डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यावरूनच मला फैलावर घेतलं. आफरीनला फोन लावून तिची परवानगी घ्यायला लावली, मगच पेटी उघडली.

त्यांनी तंबोऱ्याचा आवाज पडद्यावर रेघांत दाखवला. नंतर तोच आवाज यंत्रातून गेल्यावर कसा होतो ते दाखवलं. वरच्या रेघा निम्म्याहून जास्त पुसल्या गेल्या होत्या.

“पहिल्या वर्षी यंत्रानं वाद्याला हात लावलेला नाही,” त्या म्हणाल्या. “ते फक्त माणसाचा आवाज मऊ करत होतं. पण ते शिकणारं यंत्र आहे. त्याला दिसलं की दर वेळी आधी चार तारा वाजतात, मग शांतता होते, मग तुमचा ‘पुन्हा’ येतो आणि तिची नाडी उसळते. मग तारा वाजल्या की नाडी आधीच उसळायला लागली. यंत्रानं धरून चाललं की दुखतंय ते तारांमुळे. आणि जवारीतही खरखर असतेच. त्यानं तीही मऊ करायला सुरुवात केली. त्याला राग आणि जवारी यांतला फरक कळत नाही.”

मला सगळं दिसलं. तिला जवारी कमी ऐकू येत होती, म्हणून ती कानस आणखी चालवत होती. यंत्र आणखी मऊ करत होतं. ती आणखी घासत होती.

“पण दुसरं माणूस ऐकतं ना तुमच्याकडे?” डॉक्टरांनी विचारलं. “त्याला कसं नाही कळलं?”

मी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून बसलो. मग म्हणालो, “तो दुसरा माणूस बहिरा झालाय.”

त्यांनी तिथंच माझे कान तपासले. वरच्या पट्टीचं जवळजवळ काही शिल्लक नव्हतं.

“घरात माहीत आहे?”

“नाही.”

“का नाही सांगितलंत?”

“कान गेलेला जवारीवाला काय कामाचा? म्हणतील, बसा आता खुर्चीवर.” हे बोलताना माझं पोट आवळलं. आपण पोटावर हात धरलाय, हे मला नंतर दिसलं. डॉक्टरांनाही दिसलं. 

आता मोठा प्रश्न होता तो तिला सांगण्याचा. यंत्र घालून सांगितलं तर बाईंच्या गिरणीसारखं व्हायचं, तिला गांभीर्यच कळायचं नाही. काढून सांगितलं तर ती पुन्हा गोठ्यात जाऊन बसेल, आणि या वेळी कदाचित परत कानस हातात घ्यायचीच नाही. तिच्याशिवाय कारखान्यात आता एकही कान उरला नव्हता. पण त्या वेळी मला कारखाना दिसत नव्हता. कानस धरली की त्या पोरीचा चेहरा कसा शांत होतो, तेवढंच दिसत होतं. ते तिच्याकडून जायला नको होतं.

“यंत्राची दुसरी एक चाल आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आवाज बदलायचाच नाही. फक्त कळ चढायला लागली की मनगटाला थरथर द्यायची. म्हणजे तिला कळतं, हे माझ्या मेंदूचं उसळणं आहे, जगबुडी नाही. ते चढतं तसं उतरतं. पण निवड तिची. आणि तुमचंही काम आहे. नकारापेक्षा तिला मारते ती नकारानंतरची शांतता. ‘पुन्हा’ म्हणून तुम्ही उठून जाता. मागं ती एकटी उरते, आणि मन सांगतं, चाचानं मलाच टाकलं. कुठं चुकलं ते सांगा. पुढं काय करायचं ते सांगा. आणि जागचे हलू नका.”

“उस्ताद म्हणायचे, कारण सांगितलं तर कान आळशी होतो.”

“मग सातातले दोनच का राहिले?”

मिरजेला परतलो तेव्हा दुपार होती. मी आफरीनला समोर बसवलं, पट्ट्याची ती थरथरायची चाल समजावली, आणि तिनंच ती लावून घेतली. म्हणालो, “यंत्र काढ जरा. पट्टा राहू दे.”

“का? वाईट सांगायचंय?”

“हो. आधी माझ्याबद्दल.”

तिनं दाणे काढून पेटीत ठेवले. मी म्हणालो, “आफरीन बेटा.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “चाचा, तुमचा आवाज एवढा म्हातारा कधी झाला?”

“होतच होता. तुझ्यापर्यंत आला नाही.”

मग मी चिमण्यांचं सांगितलं. पाठमोरा बसून खोटी मान हलवत होतो, ते सांगितलं.  मग तंबोऱ्याचं सांगितलं. “बाईंची जोडी करकरते. पुण्याला आणि बेळगावला गेलेल्याही करकरत असणार. यंत्र तुला जवारी पुसून ऐकवत होतं, म्हणून कानस जास्त चालली. घोडी बोटानं चाचपून बघितली मी; मागचा उतार बरोबर आहे, पुढचा जास्त पडलाय. नवी घोडी घातली की होईल. तुझा हात बिघडलेला नाही.”

ती तंबोऱ्याकडे वळली. उघड्या कानांनी एकच तार छेडली. तिचा चेहरा पांढरा पडला.

“मी बाईंना जोंधळा आणा म्हणाले,” ती म्हणाली.

मनगटावरचा पट्टा थरथरत होता, तो मला दिसत होता. तिनं पोट आवळलं, उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. मला सवयीनं उठावंसं वाटलं. उठलो नाही. दारातून पत्र्याचं छप्पर दिसत होतं. ती भोपळ्यांच्या मध्ये जमिनीवर बसली होती.

जैबुननं जेवायला हाक मारली. मी म्हणालो, इथंच बसलोय. सिद्राम आला. “बघून येऊ का वो पोरीला?”

“नको. ती मला दिसतीय. तिलाही मी दिसतोय.”

पाय मुंग्या येऊन बधिर झाले. ऊन छपराखालून सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं. मग ती आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “किती तंबोरे?”

“सहा.”

“सहा वेळा तुम्ही मान हलवलीत.”

“हो.”

“मी तुमच्या भरवशावर होते, चाचा. मी चुकले तर चाचा पकडेल, म्हणून मी न घाबरता हात चालवत होते. आणि तुम्ही नुसते बसला होता!”

तिचा आवाज खरखरीत होता. माझ्या कानात कुठलं यंत्र नव्हतं. सत्तरीतल्या माणसाला सांगायला लाज वाटते, पण मला पळून जावंसं वाटलं. चहाच्या टपरीवर, मशिदीत, कुठंही. मी बसून राहिलो. म्हणालो, “चुकलं माझं. तू मला बाजूला बसवशील अशी भीती वाटली.”

“मी?” ती म्हणाली. “मी कुणाला बाजूला बसवणार?” आणि खाली बसून रडायला लागली. मीही रडलो. सिद्राम पॉलिशच्या डब्यात तोंड घालून बसला.

नंतरचे दहा-बारा दिवस ती यंत्राशिवाय बसली. सुरुवातीला सगळंच तिच्या अंगावर यायचं. जैबुननं भाकरी थापल्याचा आवाज आला तरी दचकायची. जैबुन बोलायची तशीच बोलत राहिली, फक्त बोलून झाल्यावर जवळ येऊन बसायला लागली. मला डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, वरचे आवाज वाढवणारं. सिद्राम म्हणाला, “पोरीच्या कानातनं गूळ निघाला, मालकांच्या कानात मिरची गेली.” चिमण्या ऐकू आल्या. पण जवारी नीट येईना, पत्र्याचा डबा वाजल्यासारखी येते. मी पाठमोरा बसण्याच्या लायकीचा राहिलो नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. खुर्चीवर मला कुणी बसवलं नाही. मी घोड्यांची लाकडं कापतो, भोपळे निवडतो.

बाईंना फोन करताना आफरीन बराच वेळ पेटीकडे बघत होती. शेवटी एकाच कानात दाणा घातला. “बाई, त्या दिवशी मी तुमची थट्टा केली नाही. मला तुमचा राग ऐकूच आला नाही.” मग तिनं सगळं सांगितलं. यंत्राचं, मेंदूचं, कानशीचं. काही झाकलं नाही.

फोन स्पीकरवर होता. मग बाई म्हणाल्या, “माझा राग ऐकू न येणारी तू पहिलीच. माझ्या शिष्यांना कुठं मिळतं ते यंत्र, सांग.”

“तुम्ही या,” आफरीन म्हणाली. “आमच्याकडे दुसरं कुणी ऐकणारं नाही. तुम्ही पाठमोऱ्या बसा. पण आमची रीत थोडी बदललीय. कुठं चुकलं ते सांगायचं, आणि सांगून उठायचं नाही.”

बाई शुक्रवारी आल्या. आफरीननं दोन्ही कान मोकळे ठेवले होते. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. तिनं चार तारा छेडल्या. 

“पंचम टोचतोय,” बाई म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात. “पहिली तार. अजून धार आहे.”

आफरीनची मान लाल झाली. पट्टा थरथरायला लागला. हात पोटाकडे गेला. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं, आणि मला वाटलं, गेली.

“जरा थांबा,” ती म्हणाली.

बाई थांबल्या. मी थांबलो. पट्टा थरथरत राहिला, मग हळूहळू मंद झाला. तिनं तार बाजूला सारली, कानस उचलली. दोन हात, तीन हात. फुंकर मारली. तार परत बसवली, छेडली.

“हां,” बाई म्हणाल्या. “आता कसा लागला. चल, हा घेऊन जाते मी.” आणि पदर सावरून उठू लागल्या.

मी गवसणीकडे हात नेला. पण आफरीन अजून वाजवत होती. खालची खरजाची तार एकटीच. एकदा, दोनदा. डोळे मिटून तिसऱ्यांदा.

“नाही बाई,” ती म्हणाली. “हा आज जात नाही.”

बाई वळल्या. “का गं? मला तर बरा वाटतोय.”

“खरज शेवटाला जरा लवकर विझतोय. घोडीवर मागं अर्धा केस जागा कमी पडलीय. तुम्हाला आज नाही टोचणार. महिन्यानं टोचेल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे बघू नका,” मी म्हणालो. “मला ऐकू येत नाही. तीच सांगेल.”

बाई परत खाली बसल्या. कुणी आपल्याला नाही म्हटल्याची त्यांना सवय नसावी. त्यांचा चेहरा आधी कडक झाला, मग कोड्यात पडल्यासारखा, मग काहीतरी निराळाच.

“उद्या दुपारी या,” आफरीन म्हणाली. “बसा ना, चहा घेऊन जा.”

“आणि उद्याही नाही म्हणालीस तर?”

“तर परवा,” आफरीन म्हणाली, आणि घोडीवर वाकली.